मळीतला पाणलावा कुणी उठवला

टिळकवाडी, बेळगाव
सोमवार, १२ जानेवारी २०२६

श्री. ज्योतिबा खोत यांस,

रविवार, दिनांक ११ जानेवारी २०२६ रोजी सकाळी सात वाजून अडतीस मिनिटांनी, कोगनोळीच्या मळीत, नदीकडच्या ओल्या रानातल्या डबक्याच्या काठी, तुम्ही बसल्या जागेवरून उठलात, लव्हाळ्यात सरळ सात-आठ पावलं चालत गेलात आणि तिथे दडलेलं पाखरू, छोटा पाणलावा, उठवलात. वेळ आपल्या मंडळातल्या सूरजने तिथल्या तिथे फोनवर बघून मोठ्याने सांगितली, तेव्हा तिच्याबद्दल वाद नको.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ लिहा, रडणं नंतर. पुढे पस्तीस वर्षं मी पोस्टात तेच केलं. म्हणून वेळ आधी लिहिली. रडण्याचा माझा विचार नाही.

तुम्ही काय केलंत ते तुम्हाला सांगावं लागू नये. साधा पाणलावा माणूस वीस पावलांवर आला की ओरडत उडून जातो, त्याचं कौतुक नाही. छोटा उडत नाही. मुठीएवढा जीव, पण आपल्या पाठीवरच्या रंगावर त्याचा इतका भरवसा की पाय अंगावर पडेपर्यंत जागचा हलत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणजे छोटा पाणलावा चुकून उठत नाही. त्याला उठवायचं तर तो नेमका कुठे बसलाय हे माहीत असावं लागतं आणि त्याच्यावर पाय ठेवायला निघावं लागतं. तुम्ही तसेच निघालात. मी पाहिलं.

मी त्या वेळी पोटावर पडले होते. वय वर्षं अडुसष्ट. कोपराखाली तांदळाची पिशवी, पिशवीवर लेन्स, आणि पोटाखाली चिखल, जो अजून माझ्या स्वेटरमधून निघालेला नाही. जागा तुम्ही नेहमीच्या पद्धतीने सांगितली होतीत. सगळा जन्म निपाणी डेपोत तिकिटं फाडलीत, तेव्हा पक्षीसुद्धा तुम्ही बसच्या मार्गानेच दाखवता. "पयला स्टॉप पांढरा धोंडा. दुसरा स्टॉप मोडकी काठी. तितनं सरळ. वाळक्या लव्हाळ्याचा झुबका आला? उतरा. इळीरी." मराठी-कानडी दोन्हींत सांगितलंत, मी उतरले. तो मधोमध बसला होता. मी फोकस बसवला, कॅमेऱ्याने टीक असा आवाज दिला आणि मी फोटो काढायला लागले. अंग वरखाली करण्याची त्याची ती सवय, स्प्रिंगवर बसल्यासारखी, तीही मी पाहिली आणि मागे बांधावर उभ्या असलेल्या सूरज आणि रचनाला कुजबुजून सांगितलीसुद्धा.

सूरज म्हणाला, "मॅडम, मिळाला का? मला इथून काहीच दिसेना. स्क्रीन दाखवा की जरा." तो चार पावलं माझ्याकडे आला आणि तेवढ्यात तुम्ही उठलात. माझ्या डावीकडून, अगदी कडेने, काहीतरी तपकिरी सर्रकन गेलं. सगळे त्याच्यामागे पळाले. मी तशीच पडून राहिले, कारण पोटावरून उठायला मला हल्ली दोन मिनिटं लागतात.

रचनाने किती सरळपणे विचारलं, "अण्णा, पाय घसरला का?" पोरीने हातात दोरी दिली होती. धरायची. तुम्ही म्हणालात, "न्हाय. म्या उठवला."

"अहो पण कशाला?"

"उठवला. झालं."

झालं काय? नऊ वर्षं दर रविवारी मी पहाटे पावणेपाचला घरातून निघते ती हे ऐकायला?

आपल्या पाणथळ मंडळाचा पहिला नियम माझ्या हातचा आहे: फोटोसाठी किंवा कशाहीसाठी पक्षी मुद्दाम उठवणाऱ्याचं नाव मंडळातून कायमचं कमी होईल. रविवारी, ८ फेब्रुवारीला दुपारी चार वाजता माझ्या घरी सभा आहे. तुमचं नाव कमी करण्याच्या कागदावर अध्यक्ष म्हणून मला सही करायची आहे. ती करण्याआधी, पाणलावा का उठवलात याचं एक तरी कारण मला लेखी द्या. मंडळात तुम्ही नसाल तर कोगनोळीला मी काय नाकासमोर बघत बसू?

या कागदाबद्दल माफ करा. रेघा हल्ली वाकड्या छापतात, मधोमध तर लाट आल्यासारख्या. कागदवाल्यांना विचारणारं कुणी उरलेलं नाही.

नीला याळगी
निवृत्त पोस्टमास्तर

ता. क. हे रजिस्टर्डने पाठवणार होते. रजिस्टर आता स्पीड पोस्टात मिळवून टाकलंय, हे मला काउंटरवरच्या मुलाने समजावून सांगितलं. मला! असो. पावती जपून ठेवली आहे.

ता. क. दुसरा. तुम्ही त्या थंडीत अनवाणी पाण्यात गेलात. काढा घ्या.


शनिवार, १७ जानेवारी २०२६

श्री. खोत,

तुमचं कार्ड आज बारा वाजता पोचलं. तुम्ही काय पाठवलंत ते तुम्हालाही कळावं म्हणून सगळा मजकूर इथे उतरवते.

"बाई, पत्र पावलं. पाणलावा म्या उठवला हे खरं हाय. मंडळ करंल ते मान्य. तुमची तांदळाची पिशवी माझ्याकडं राहिलीया, उंदीर लागायच्या आत निपाणी-बेळगाव गाडीत देतो. जयाबाईचा नमस्कार. ज्योतिबा."

मी कारण विचारलं होतं. तांदळाची चौकशी केली नव्हती.

पिशवी कालच बसमधून आली. सोबत तुमच्या घरून जयाबाईंनी पाठवलेले संक्रांतीचे तिळाचे लाडूही आले. लाडवांशी माझं भांडण नाही. सहा खाल्ले. वेलची जरा जास्त पडली आहे, एवढं त्यांना सांगा, आणि डबा मी परत पाठवणार नाही, त्या स्वतः येऊन नेतील.

तुमच्या या गप्प बसण्याने मला दुसरंच काही आठवत राहतं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तुमच्या बसमध्ये बसले होते, मांडीवर कुकरच्या खोक्यात घातलेला कॅमेरा, म्हणजे चोरांना कळू नये. तुम्ही तिकीट देता देता म्हणालात, "कुकर लई जपून धरलाय बाईंनी." मग निपाणीच्या तलावाशी गाडी आली आणि तुम्ही घंटी मारलीत. भरलेली गाडी उभी केलीत. माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "खोका उघडा. डावीकडं बघा. त्यो बोरू न्हवं." तिथे पाणकणसात पिवळा तापस उभा होता, बगळ्यासारखी मान आभाळाकडे ताणून, वारा आला की कणसांबरोबर डुलत होता. तुम्ही दाखवला नसता तर मी शंभर वर्षं त्याला गवत समजले असते. मागून एकजण ओरडला, "ओ कंडक्टर, गाडी बंद पडली काय?" कुणीतरी कानडीतही तेच विचारलं, जरा कमी सभ्यपणे. तुम्ही म्हणालात, "गप बसा, बाईंचा माणूस उतरायलाय."

दीड मिनिट. माझ्या आयुष्यातला पहिला बरा फोटो तो. तुमच्यावर मेमो आला असता, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. नंतर कळलं तेव्हा मी तुम्हाला डेपोत पत्र लिहिलं आणि तुम्ही उत्तरात फक्त लिहिलंत, "रविवारी मोकळा असतो."

असा माणूस पक्षी उठवतो, हे मला गिळता येत नाही. म्हणून विचारते. नाहीतर सही करून मोकळी झाले असते.

आता विषय निघालाच आहे तर एक जुनी तक्रारही लिहून टाकते. गेलं वर्षभर तुमचे स्टॉप बिघडलेत. पूर्वी तुम्ही म्हणायचात, "तिसरी काडी, तिच्या बुडाला." हल्ली काय? म्हशी. विजेचे खांब. कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं. "बाई, लाल लुगडं दिसतंय न्हवं? तितनं चालू करा." मी काय पहिलीतली पोर आहे? मागे मच्छे गावच्या तळ्यावर तर तुम्ही अख्खा कारखाना पहिला स्टॉप म्हणून सांगितलात. मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते.

सूरजचा रोज फोन आहे. त्याला माझे फोटो हवे आहेत, या भागातला बसलेल्या छोट्या पाणलाव्याचा आपला पहिला फोटो म्हणून कुठेकुठे पाठवायचे आहेत त्याला. मी अजून बघितलेले नाहीत. कॅमेऱ्याच्या मागची ती काच काय, तिकिटाएवढी. गुरुवारी माझी भाची चिन्मयी बंगळूरहून येते आहे, ती टीव्हीला जोडून दाखवेल.

फोटो लागले की सभेत ते सगळ्यांना दाखवायचे आणि मग तुमच्यावर बोलायचं, असा सूरजचा बेत आहे. म्हणजे तुम्ही काय घालवलंत ते नीट दिसेल म्हणतो. पोरगा वाईट नाही, पण त्याला न्याय करण्याची घाई फार.

कारण लिहा. पोस्टकार्डावर मावणारं असलं तरी चालेल.

नीला याळगी


शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

ज्योतिबा,

हे पत्र लहान आहे.

फोटो पाहिले. प्रकाश बरा नव्हता. सूरजला सांगितलं की दाखवण्यासारखं काही आलेलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, एक तरी पाठवा, मी कॉम्प्युटरवर उजळतो." मी म्हटलं, कार्ड खराब झालं. एकदा म्हटलं प्रकाश नव्हता, एकदा म्हटलं कार्ड खराब झालं. पोस्टात एखाद्या क्लार्कने मला अशी दोन कारणं दिली असती तर मी त्याला उभा केला असता.

तुमचा विषय पुढच्या सभेला ठेवू या असंही मी त्याला सुचवलं. तो म्हणाला, "नियम तुमचाच आहे, मॅडम." खरंच आहे.

तुम्ही एक करा. पाय घसरला असं लिहून द्या. एवढं एकच वाक्य. "लव्हाळ्यात पाय घसरला म्हणून पाणलावा उठला." मी ते सभेत वाचेन, रचना लगेच हो म्हणेल, सूरज कुरकुरेल आणि चहा येईल. तुमचं नाव राहील. पुढे कुणी काही विचारणार नाही, तुम्हालाही आणि कुणालाच.

मागच्या पत्रात स्टॉपबद्दल जे लिहिलं ते मनावर घेऊ नका.

नीला


सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

प्रिय ज्योतिबा,

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. "बाई, पाय घसरला न्हाय. बत्तीस वर्सं चालत्या गाडीत उभा राहिलोय, माझा पाय घसरत न्हाय. खोटं लिवणार न्हाय. बाकी मंडळ करंल ते मान्य."

मी ते वाचून हसले आणि मग मला माझीच लाज वाटली. तुम्हाला खोटं लिहायला सांगणारी मी कोण? तेसुद्धा स्वतःची बाजू झाकायला. तेव्हा आता मी लिहिते, आणि सगळं लिहिते. शुक्रवारच्या पत्रात जे लिहिलं नाही तेही.

चिन्मयीने कॅमेरा टीव्हीला जोडला. मी समोर खुर्ची ओढून बसले, चहा घेऊन, लग्नाची सीडी बघायला बसतात तशी. पहिला फोटो आला.

"आत्या, पक्षी कुठाय?"

"मधोमध."

"मधोमध शेण आहे."

"नीट बघ. पाठीवर सोनेरी रेघ आहे बघ त्याच्या."

ती टीव्हीजवळ गेली. बोट लावलं. "ही रेघ? आत्या, ही गवताची काडी आहे. शेणात रुतलीय."

मी म्हटलं, पुढचा लाव. पुढचा लावला. त्याच्या पुढचा. एकशे त्रेचाळीस फोटो आहेत, ज्योतिबा. म्हशीच्या वाळक्या शेणाचे. पोरगी शेवटी म्हणाली, "फोकस मात्र फार सुंदर आहे हं," आणि मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. तिने फोटोंच्या वेळा वाचल्या. "आत्या, पक्षी कधी उडाला म्हणालीस? सात अडतीस ना? हा फोटो सात एकोणचाळीसचा आहे. हा एक्केचाळीसचा. हा तर तसाच बसलाय."

पाणलावा उडाल्यावर उठायची खटपट करताना माझं बोट बटणावरच राहिलं होतं. कॅमेऱ्याचं ते टीक तुम्हाला माहीत आहे. शेणावरसुद्धा तो टीक करतो. वर्षभर मी डोळ्यांवर नाही, त्या आवाजावर फोटो काढते आहे. तो वरखाली डुलतो असं मी कुजबुजले ना, तेही पुस्तकात वाचलेलं. दिसलं नव्हतं. शेण डुलत नाही.

आता हे ऐका. दीड वर्ष झालं, मला मधलं नीट दिसत नाही. सरळ रेघ वाकडी दिसते. समोर माणूस आला तर कान दिसतात, नाक दिसत नाही. स्कूटर मी रहदारी वाढली म्हणून सोडली, असं तुम्हाला सांगितलं होतं. रहदारी तेवढीच आहे. कागदाच्या रेघांवरून मी कागदवाल्यांना शिव्या दिल्या, त्याही मागे घेते. कुणाला सांगितलं नाही. कारण सांगितलं की काय होतं ते मी माझ्या आईच्या बाबतीत बघितलं आहे. आधी लोक हात धरतात, मग पदार्थ ताटात वाढून देतात, आणि मग तुमच्यादेखत तुमच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायला लागतात.

आणि लपायला मला जागा किती चांगली सापडली होती! लपणाऱ्या पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्या लोकांत पक्षी कुणालाच पटकन दिसत नाही. सगळेच "कुठे? कुठे?" करत असतात. मी एकटीने "कुठे?" म्हटलं तर कुणाच्या लक्षात येणार? तिथे मी नऊ माणसांत दहावी होते. फक्त तुम्ही शेजारी बसलेले असायचात, आणि बिनतिकिटाचा माणूस चेहऱ्यावरून ओळखण्यात तुमची हयात गेली.

म्हशी, खांब, लाल लुगडं, कारखाना. मला आता कळतंय की स्टॉप का मोठे होत गेले. आणि मी तुम्हाला त्याबद्दल रागावले.

अकरा तारखेचा प्रसंग मी डोक्यात पुन्हा पुन्हा लावून बघितला, चिन्मयीने फोटो लावले तसा. तुम्ही माझ्या लेन्सचं तोंड कुठे आहे ते बघितलंत. पाणलावा त्याच्या डावीकडे, दहा फुटांवर. मी चुकीच्या स्टॉपवर उतरून बसले होते. तुम्ही मला हळूच सांगू शकला असतात, पण मी तोपर्यंत "डुलतोय, डुलतोय" करून सगळ्यांना सांगून बसले होते. सूरज स्क्रीन बघायला निघाला. त्याला चार पावलं उरली होती. मग तुम्ही उठलात. पाणलावा उडाला आणि सगळे आभाळाकडे बघत पळाले. माझ्या स्क्रीनची आठवण कुणालाच राहिली नाही. नियम मोडला तो तुम्ही, शिव्या खाल्ल्या त्या तुम्ही, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात देणारी मी.

काल जयाबाईंना फोन केला. त्या आधी घाबरल्या, मला वाटतं त्यांना डब्याचं वाटलं. मग बोलल्या. "आक्का, त्येनी मळीतनं आल्यापास्नं गप बसल्यात. म्या इचारलं, कशापायी उठवलासा? तर म्हणत्यात, 'पाखरू काय, फिरून बसंल.' म्हटलं, आणि बाई? तर म्हणत्यात, 'बाईंचं तसं न्हाय.'" एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला, कारण तुम्ही अंगणात आला होतात. त्यांच्यावर रागावू नका. मी त्यांना भरपूर छळलं तेव्हा त्या बोलल्या.

परवाच्या शुक्रवारी, तीस तारखेला, चिन्मयी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोठ्या चौकटींचा कागद दाखवला, त्याच्याही रेघा वाकड्या. मी म्हटलं, तुमच्याकडे कागद तरी बरा ठेवा. ते हसले नाहीत. पडद्याचा मधला भाग खराब झालाय, दोन्ही डोळ्यांचा, उजवा जास्त. गेलेलं परत येणार नाही. इंजेक्शनं घेतली तर उरलेलं बरंच टिकेल, आणि वर्षभरापूर्वी आला असता तर आणखी टिकलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. कडेचं चांगलं दिसेल म्हणाले. तेव्हा मला कळलं की उडालेला पाणलावा मला कसा दिसला. तो कडेने गेला म्हणून. मी बसलेला पाहिला नाही, पण उडताना मी त्याला पाहिलं. तुम्ही उठवला नसता तर मला तो दिसलाच नसता. याबद्दल आभार मानायचे की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

कारण तरीही तुम्ही चुकलात. हे माझं मत सुटणार नाही. ते पाखरू कुठल्या कुठल्या बर्फाच्या देशातून आपल्या मळीत येतं, दिवसभर तिथे दडून राहतं, आणि एका म्हातारीचा ताठा राखायला तुम्ही त्याच्यावर पाय ठेवायला निघालात. माझ्या ताठ्याची एवढी किंमत नाही. तुम्हाला या वर्षभरात एक साधं वाक्य म्हणता आलं नाही? "बाई, डोळं दाखवून या." मी चिडले असते. दोन रविवार आले नसते. तिसऱ्या रविवारी आले असते. तुम्हाला मी एवढी कळत नाही?

म्हणून मी असं ठरवलं आहे. रविवारी सभेत एकशे त्रेचाळीसपैकी पहिला फोटो मी स्वतः टीव्हीवर लावणार आणि सगळं सांगणार. सूरज शेणाकडे बघेल तेव्हा त्याचा चेहरा मला दिसणार नाही, ते बरंच आहे. मग अध्यक्षपद रचनाकडे देणार. तुमचं नाव कमी करण्याच्या कागदावर मी सही करणार नाही. त्याऐवजी दोघांना शिक्षा, तुम्हाला पक्षी उठवल्याबद्दल आणि मला तो उठवायला लावल्याबद्दल. फेब्रुवारी संपेपर्यंत दोघांनीही मळीत पाय ठेवायचा नाही. मंडळाला हे मान्य नसेल तर त्यांनी दोन्ही नावं कमी करावीत.

एका गोष्टीची मला भीती आहे. मी बोलल्यावर सूरज तुमच्याकडे वळेल आणि विचारेल, "अण्णा, मॅडम म्हणतात ते खरं का?" तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही गप्प बसाल. जमिनीकडे बघत, उपरण्याचं टोक पिळत. तसं केलंत तर लोकांना वाटेल की म्हातारी तुम्हाला वाचवायला काहीतरी रचून सांगते आहे, आणि तुमचं नाव जाईल. तेव्हा सूरजने विचारलं की तोंड उघडून "व्हय" म्हणायचं. एक शब्द. त्याला तुमचा पाय घसरायला नको आणि खोटंही बोलायला नको.

आणि कॅमेरा. नऊ वर्षांत मी तुम्हाला त्याला बोट लावू दिलं नाही. एकदा तुम्ही नुसता पट्टा उचललात तर मी कसं ओरडले होते ते आठवतं. मार्चच्या पहिल्या रविवारी तो तुमच्या हातात असेल. पाणलावा तोवर राहिला असेल तर पोटावर तुम्ही पडायचं आणि फोटो तुम्ही काढायचा. बटण हलक्या हाताने दाबा, तिकीट फाडल्यासारखं नको. मी शेजारी बसेन. उडणारे पक्षी मी सांगेन, कडेने येणारे मला तुमच्याआधी दिसतील, लावा पैज. बसलेल्यांचे स्टॉप तुम्ही मला सांगायचे, कारखान्यापासून सुरुवात केलीत तरी मी काही म्हणणार नाही.

आता मला तुमच्याकडून काय हवं ते लिहिते. रविवारी चार वाजता तुम्ही माझ्या घरी येणार का, आणि जयाबाई येणार का. सूरजपुढे "व्हय" म्हणणार का. मार्चमध्ये कॅमेरा हातात घेणार का. आणि माझं हे सगळं तुम्हाला नेमकं केव्हापासून माहीत होतं, कुठल्या पक्ष्यापासून, तो पक्षीही सांगा.

उत्तर शनिवार, ७ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत, आमच्या गल्लीत पोस्टमन येतो त्या वेळी, माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी. फोन करू नका, मी उचलणार नाही. जयाबाईंकडून निरोप पाठवू नका. काळ्या जाड पेनाने लिहा आणि अक्षर मोठं काढा, एका ओळीत तीनच शब्द आले तरी चालतील, चार कार्डं लागली तरी चालतील. चिन्मयी वाचून दाखवायला तयार आहे, पण तिला मी नको म्हणून सांगितलं आहे. तुमचं पत्र मला स्वतः वाचायचं आहे.

तुमची
नीला